सोयाबीनचा जीनोम खिशात!

वाशिम जिल्ह्यातल्या इंझोरीत सोयाबीनच्या शेताशेजारी ‘जीनोम’ हा शब्द जरा परग्रहावरचा वाटेल. पण बॉस, अख्खा सोयाबीन जीनोम तुमच्या की-चेनच्या पेनड्राइव्हमध्ये मावतो! २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या जीनोमची लांबी सुमारे ११० कोटी अक्षरं. एका अक्षराला एक बाइट धरला, तर जेमतेम एक जीबी.

त्याच पेनड्राइव्हवर ऑपरेटिंग सिस्टीमही बसते. हे लाइव्ह लिनक्स. क्लाउस क्नॉपर यांच्या २००० सालच्या ‘क्नॉपिक्स’ने ते लोकप्रिय केलं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, आतल्या विंडोजला हातही लावायचा नाही. त्यामुळे अकोल्याच्या कृषी विद्यापीठात बायोटेक शिकणारा कुणी सुट्टीत गावी आला, तर दादाचा जुना पीसी रात्रीपुरता मागून घेऊ शकतो. डेटा आधीच उतरवलेला असेल, तर नेट गेलं तरी ‘ब्लास्ट’ जुळणारे जीन शोधत राहतं.

ब्रिटनच्या ‘बायो-लिनक्स’मध्ये २०१४ साली अशी २५०हून जास्त पॅकेजेस तयार मिळायची. आता तो प्रकल्प थंडावलाय. मी ‘डेबियन लाइव्ह’वर ‘डेबियन मेड’ची साधनं टाकायला सांगेन. फक्त काम साठवायला पेनड्राइव्हवर ‘पर्सिस्टन्स’ची वेगळी जागा आधी करा, नाहीतर मशीन बंद केलं की रात्रभराची मेहनत गुल. आणि कच्च्या तुकड्यांतून पूर्ण जीनोम जोडायचा हट्ट या पीसीवर नको, रॅम पुरणार नाही. त्यासाठी विद्यापीठाचा सर्व्हरच गाठा.

ऑफिसच्या लॅपटॉपवर ट्राय करताय? आधी आयटीवाल्यांना विचारा हं!