उंबरठ्यावरचे कोळी

लेख मागताना संपादकांनी फोनवर जरा चाचरतच विचारलं, "किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा आढावा परभणीच्या माणसाकडून मागितला, हे वाचकांना पटेल का?" हा प्रश्न मला नवा नाही. माझं गाव पोखर्णी, नृसिंहाचं पोखर्णी. परळीच्या रेल्वेलाइनवर उतरायचं, आणि तिथून समुद्र चारशे किलोमीटर. आमच्याकडे पाणी नळाला आठवड्यातून कधी येतं यावर बोलणी होतात, भरती-ओहोटीवर नाही. तरी आयुष्याची चाळीस वर्षं मी जमिनीचे म्हणावेत तर पाण्याखाली राहणारे आणि पाण्याचे म्हणावेत तर हवेवर जगणारे अशा आठ पायांच्या जिवांमागे घालवली. याचं खापर मी नृसिंहावरच फोडतो. ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर, ना माणूस ना जनावर, हे लहानपणापासून कीर्तनात ऐकलेलं. मधल्या जागांची ओढ तिथूनच लागली असावी.

आमच्याकडे जुन्या बायका कोळी म्हणत नसत, कातीण म्हणत. कातते ती कातीण. बोट कापलं की आजी भिंतीवरचा पांढरा, कागदासारखा पापुद्रा सोलून जखमेवर चिकटवायची. तो कातिणीच्या अंड्यांचा कोश होता, हे मला कॉलेजात कळलं. शेताच्या बांधावरच्या बाभळी-बोरींवर वाळक्या पानांची, मळकट धाग्यांची गाठोडी लटकलेली असत. त्यात शेकड्यांनी कोळी एकत्र नांदतात. शास्त्रीय नाव स्टेगोडिफस सारासिनोरम, कार्शनं १८९२ मध्ये दिलेलं. कोळी म्हणजे एकलकोंडा प्राणी, असं पाठ्यपुस्तकात छापणाऱ्यांनी एकदा आमच्या बांधावर यावं. या जातीची पिल्लं आपल्या आयांना खाऊन वाढतात, हे मात्र मी कीर्तनाच्या गावात फारसं सांगितलं नाही.

इथे एक तक्रार नोंदवून पुढे जातो. वर्तमानपत्रं सर्रास 'कोळ्याची नवी प्रजाती सापडली' असं छापतात. सापडलेली असते जाती. प्रजाती हा तिच्या वरचा गट, आणि त्याच्याही वर कुळ. तीस वर्षं पत्रं लिहून थकलो, आता फक्त दिवाळी अंकात लिहितो.

इतिहास थोडक्यात उरकतो, कारण तो प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात असतो आणि कोणी वाचत नाही. प्राण्यांची नावं लिनेयसच्या १७५८ च्या ग्रंथापासून ग्राह्य धरतात, पण कोळ्यांना सवलत आहे. स्वीडनच्याच कार्ल क्लर्कचं पुस्तक १७५७ चं, आणि त्यातली नावं नियमाला अपवाद करून मान्य झाली. म्हणजे नामकरणात कोळी बाकी प्राणिसृष्टीच्या एक पाऊल पुढे. आपल्याकडे पोकॉकचा 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'मधला खंड १९०० सालचा. त्यानंतर ग्रेव्हली. मग बिनय कृष्ण टिकादार. पुण्याला प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात असताना त्यांनी महाराष्ट्र आणि तेव्हाचं म्हैसूर इथल्या कोळ्यांवर १९६३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या नियतकालिकात लिहिलं. पुढे १९८० आणि १९८२ चे जाडजूड खंड आले, १९८७ चं हँडबुक आलं. २०१२ मध्ये अमरावतीकडच्या अभ्यासकांनी देशाची यादी केली, ती १६८६ जाती आणि ६० कुळांची. जगाच्या यादीनं एप्रिल २०२२ मध्ये पन्नास हजारांचा आकडा ओलांडला. झाला इतिहास.

टिकादारांवर तोंडसुख घेण्याची सध्या फॅशन आहे. आकृत्या ढोबळ, वर्णनं तोटकी, अमुक जात भलत्याच प्रजातीत टाकली. चुका आहेत, मीही दोन-चार दाखवू शकेन. पण ज्या मंडळींनी आयुष्यात एक बाटलीसुद्धा स्पिरिटनं भरली नाही, त्यांनी परिसंवादात उभं राहून त्या माणसाची टवाळी करावी आणि खाली बसणाऱ्यांनी हसावं, हे मला सोसत नाही. त्या हँडबुकाशिवाय यांना कोळ्याचे डोळे मोजायचे असतात हेही कळलं नसतं.

डोळ्यांवरून आठवलं. वर्गीकरणाची जुनी रीत दिसेल त्यावर बेतलेली होती. डोळे किती आणि कोणत्या रांगेत, नख्या दोन की तीन, विषदंत समांतर खाली वळतात की चिमट्यासारखे समोरासमोर येतात. यातला विषदंतांचा भेद टिकला, दोन मोठे गट त्यावर आजही उभे आहेत. दुसरा एक भेद मात्र पार कोसळला, आणि त्याची गोष्ट कापसाच्या मुलखातल्या माणसाला लगेच समजते.

काही कोळ्यांना धागा निघणाऱ्या बोंडांच्या पुढे एक बारीक चाळणी असते. तिच्या हजारो छिद्रांतून अतिसूक्ष्म तंतू येतात आणि मागच्या पायावरच्या केसांच्या फणीनं कोळी ते पिंजतो. पिंजलेल्या कापसासारखा तो धागा गोंदाशिवायच भक्ष्याला अडकवतो. आमचा बाभळीवरचा स्टेगोडिफस या चाळणीवाल्यांपैकीच. सिमाँसारख्या थोर कोळी-अभ्यासकानं चाळणीवाले एका बाजूला आणि बिनचाळणीचे दुसऱ्या बाजूला अशी सरळ वाटणी केली होती. सोय उत्तम. पण १९६७ मध्ये फिनलंडच्या लेहतिनेननं ठासून मांडलं की चाळणी हा जुना वारसा आहे आणि तो वेगवेगळ्या घराण्यांनी आपापल्या वेळी टाकून दिला. म्हणजे चाळणी नसणं ही नात्याची खूण होऊच शकत नाही. दोन घरांत बैल नाहीत म्हणून ती घरं भावकीतली ठरत नाहीत, तसंच. जनुकांच्या तपासणीनं पुढे त्यावर शिक्का मारला. २०१७ चा मोठा वंशवृक्ष आला आणि कुळांची उलथापालथ झाली. सोनेरी जाळ्याच्या नेफिलाला तर कधी स्वतंत्र कुळ मिळतं, कधी दुसऱ्याच्या घरात राहावं लागतं. माझ्या नोंदींच्या कार्डांवर तिचं कुळ मी आता पेन्सिलीनं लिहितो.

आणि आता माझ्या लाडक्या प्रजातीकडे येतो. डेसिस.

भारतातली डेसिस म्हणजे दोन नावं आणि थोडे कागद. पोकॉकनं १९०४ मध्ये लक्षद्वीपच्या नमुन्यांवरून डेसिस गार्डिनेरी सांगितली. ग्रेव्हलीनं १९२७ मध्ये मन्नारच्या आखातातल्या कुरुसडै बेटाच्या कोळ्यांवर लिहिताना डेसिस इनर्मिस. डेसिस भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात राहते. खडकाची भेग, पोवळ्याचं भोक, मेलेल्या कालवाचा शिंपला, मिळेल ती पोकळी ती आतून धाग्यानं मढवते आणि तोंड बंद करते. भरती आली की घर पाण्याखाली जातं, आतली हवा आतच राहते, आणि बाई त्या मूठभर हवेवर बसून राहतात. ओहोटी लागली की रात्री बाहेर पडून खडकावर उड्या मारणारे बारके कवचधारी जीव धरतात. जबडे अंगाच्या मानाने प्रचंड, सरळ पुढे आलेले. न्यूझीलंडची डेसिस मरीना दांडग्या समुद्री शेवाळाच्या मुळांशी असलेल्या पोकळ्यांत राहते आणि समुद्र खवळला तर कित्येक दिवस पाण्याखाली काढते. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये एका डेसिसला बॉब मार्लेचं नाव दिलं, भरती-ओहोटीवरच्या त्याच्या गाण्यामुळे. आमच्या ज्येष्ठांना हे नाव उथळ वाटलं. मला आवडलं.

गंमत वर्गीकरणाची आहे. डेसिसला चाळणी नाही. पण तिच्याच कुळात आज ऑस्ट्रेलियात घराच्या खिडक्यांत चाळणीच्या धाग्याची जाळी विणणारी बडुम्ना आहे. सिमाँच्या हिशोबानं या दोघी एका पंगतीत बसल्याच नसत्या. खिडकीतली आणि समुद्रातली सख्ख्या घरातल्या निघाव्यात, यासाठी मी चाळीस वर्षं थांबायला तयार होतो, आणि थांबलो.

माझी स्वतःची डेसिस, ती डेसिस होती असं मला वाटतं, रत्नागिरीच्या उत्तरेला एका खडपावर भेटली. नोकरीत लागून थोडी वर्षं झाली होती. दिवाळीच्या सुट्टीत जायचो, कारण अमावास्येची ओहोटी मोठी. पुनवेला आणि अवसेला आपल्या किनाऱ्यावर भरती बाराच्या आसपास आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या. कालवं फोडणाऱ्या बायका मला दोन दिवस दगड उलटताना पाहत होत्या. शेवटी एकीनं विचारलं, "दादा, हरवलं काय?" मी म्हटलं, कोळी शोधतोय. त्यावर सगळ्या जी हसल्या! कोळ्यांच्या वाडीत कोळी शोधायला माणूस परभणीहून आला, हे त्यांनी संध्याकाळपर्यंत गावभर केलं. पण त्याच मावशीनं दुसऱ्या दिवशी खडकाला चिकटलेला एक रिकामा शिंपला दाखवला. फटीवर पांढरा पडदा, आत हवेची चकाकी. सुरीनं उचकटला तर जबडे पुढे काढून एक फिकट, पिवळसर कोळी माझ्याकडे पाहत होता. दिवस मावळत होता, पाणी परत फिरलं होतं, माझ्या चपला कुठे राहिल्या होत्या ते आजही ठाऊक नाही.

घात असा की तो अल्पवयीन होता. कोळ्याची जात ठरते ती वयात आल्यावर, नराच्या स्पर्शपादाच्या टोकाला असलेल्या गुंतागुंतीच्या अवयवावरून आणि मादीच्या पोटाखालच्या पट्टिकेवरून. शेवटची कात टाकेपर्यंत यातलं काही तयार नसतं. तरीही मी बाटली एका संस्थेकडे पाठवली. उत्तर आलं, अपरिपक्व नमुना, ओळख अशक्य. उत्तर बरोबर होतं. पण पुढे काही वर्षांनी तिथे गेलो तर बाटलीतलं स्पिरिट उडून गेलेलं, तळाशी तपकिरी चुरा. चिठ्ठी मात्र शाबूत होती, माझ्या अक्षरात. पुरावा नाही, म्हणून त्या जातीचं नाव मी कधी छापलं नाही आणि आजही छापत नाही. 'त्याला फार तर आठवण म्हणता येईल' असं एका विद्वानांनी सभेत म्हटलं होतं. बरोबरच आहे. म्हणूनच ती इथे आठवण म्हणून लिहितो.

किनाऱ्याचे बाकीचे कोळी घाईत घेतो. पुळणीवर धावणारे लांडगे कोळी, खाडीकाठच्या गवतावर लांबुडके टेट्राग्नाथा, हे सगळ्यांनी पाहिलेले. बंदरांतून जहाजांबरोबर जगभर गेलेला हेटेरोपोडा व्हेनाटोरिया तर गोदामातला रहिवासी, त्याला किनारी म्हणणं म्हणजे स्टेशनवरच्या हमालाला प्रवासी म्हणणं. रामेश्वरमचा सासोन रामेश्वरम, २००९ मध्ये सिलिवाल आणि मोलूर यांनी नाव दिलेला, मात्र पाहण्यासारखा. झाडाच्या सालीत दोन झडपांचं दार असलेली बिळं करतो. त्याच मंडळींनी २००५ मध्ये मुंबईवरून इडिओप्स बॉम्बेएन्सिस हे नाव दिलं होतं.

खाजणात मी उशिरा रमलो. महाराष्ट्रात सुमारे ३२० चौरस किलोमीटर कांदळवन आहे आणि २०१२ पासून त्यासाठी वनखात्याचा स्वतंत्र कक्ष आहे. तिवरांवर तांबड्या ओंबिलांची पानं शिवून केलेली घरटी असतात. त्या मुंग्यांत मिर्माप्लाटा प्लाटालिओइडीस हा उड्या मारणारा कोळी बेमालूम मिसळतो. पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवतो. नराचे जबडे इतके लांब की मुंगी दुसऱ्या मुंगीला उचलून नेते आहे असा भास व्हावा. ओळखायची खूण एकच. फांदी हलवली की मुंगी नुसती पडते, हा धाग्यावर लोंबकळतो. ठाण्यात २०२१ मध्ये उड्या मारणाऱ्या कोळ्यांची एक नवी जाती नोंदली गेली, तिला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्यावरून आयसिअस तुकारामी नाव मिळालं. ठाण्यासारख्या शहरात नवी जात सापडते आणि आपण ॲमेझॉनच्या जंगलाचे माहितीपट बघत बसतो.

हल्लीच्या पोरांशी माझं भांडण आहे ते जात ठरवण्यावरून. डोळे त्यांचे माझ्यापेक्षा शंभरपट तेज आहेत. कॅमेऱ्यात कोळ्याचा प्रत्येक केस दिसतो. पण फोटोवरून जात सांगायची आणि दहा जणांनी अंगठा वर केला की ठरली, हे मला मान्य नाही. स्पर्शपाद खालून पाहायचा असतो, आणि फोटो वरून काढलेला असतो. त्यांचंही म्हणणं ऐकतो. परवानग्या मिळवताना दमछाक होते, नमुने गोळा करणं गुन्हा ठरेल या भीतीनं हात आखडतात. आमच्या काळी आम्ही पिशवीत बाटल्या घालून एस.टी.नं जायचो आणि कंडक्टर फक्त स्पिरिटच्या वासानं संशय घ्यायचा.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. रत्नागिरीच्या त्या खडपावर गेल्या वर्षी गेलो होतो. लाटा अडवायला दगडांचा लांबलचक बंधारा घातला आहे. गावाची घरं वाचली, त्याबद्दल बोलायला मी कोण? पण कालवांचे खडक त्याखाली गेले, मधला पट्टा संपला. आता एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला सरळ पाणी. बायका तिथे दिसल्या नाहीत. बंधाऱ्याच्या दगडांच्या सांध्यांत मी टॉर्च घालून पाहिलं. झुरळं होती, प्लास्टिक होतं, आणि दोन घरगुती कोळी.

नृसिंह जयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीला असते. दुसऱ्याच दिवशी पौर्णिमा, म्हणजे उधाण तोंडावर आणि ओहोटी तिन्हीसांजेच्या सुमाराला. हे जुळतं, हे मला पासष्टीत पंचांग चाळताना लक्षात आलं, आणि इतकी वर्षं त्या दिवशी मी पोखर्णीच्या देवळात असायचो. येत्या वैशाखात घरच्यांना सांगून ठेवलं आहे की दर्शन सकाळीच उरकू. गुडघ्यांना पट्टे घेतले आहेत. मालवणकडे अजून बंधारा न घातलेले खडप आहेत, असं एक जण म्हणाला.