कपाळ दुखते, सुई मानेत!

दिंडोरीच्या आमच्या थोरल्या वहिनींची अर्धशिशी साऱ्या आळीला ठाऊक आहे. दिवाळीची कढई चुलीवर चढली, तळणीचा वास घरभर झाला, की त्यांचे अर्धे कपाळ ठणकू लागते आणि त्या खोलीत अंधार करून पडतात. सूर्योदयापूर्वीची दूध-जिलेबी झाली, नाकात तूप झाले. (सुश्रुताने या दुखण्याला अर्धावभेदक म्हटले आहे, म्हणजे दुखणे जुनेच!) शेवटी गोळ्या आल्या आणि राहिल्या.

गेल्या वर्षी नाशिकच्या डॉक्टरांनी मानेत इंजेक्शन सुचवले. दादांनी रोखठोक विचारले, "गुण येईल का, तेवढे सांगा."

डॉक्टरांनी उत्तर दिले नाही. वहिनींच्या डोक्यामागे, कवटीच्या उंचवट्याशेजारी त्यांनी अंगठा दाबला. वहिनी कळवळल्या. "ही खूण बरी," ते म्हणाले.

आता कपाळ दुखत असता सुई मानेत कशाला? तर कपाळाकडचे आणि मानेकडचे मज्जातंतू मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी आपले निरोप पोचवतात. मानेकडचा तंतू बधिर केला, की कपाळाचा गलकाही निवतो, अशी ही कल्पना. औषध दाढ काढताना देतात त्याच जातीचे; कधी त्यात स्टेरॉइड मिसळतात.

पण ते सर्वांना लागू पडत नाही. 2006 साली लंडनच्या डॉक्टरांनी अर्धशिशीच्या 54 रोग्यांना दिलेल्या 57 इंजेक्शनांपैकी 26 लागू पडली. तंतूवर दाबताच ज्यांना दुखे, त्यांना गुण येण्याचा संभव अधिक दिसला. उलट 2015 सालच्या एका अमेरिकन चाचणीत खरे इंजेक्शन आणि नावापुरते इंजेक्शन, दोहोंचा गुण सारखाच निघाला! तेव्हा अंगठ्याची खूण म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे.

"गोळ्या महिन्यातून किती दिवस घेता?" हा डॉक्टरांचा पुढचा प्रश्न.

"दुखेल तेव्हा."

दिनदर्शिकेवर फुल्या मारायला सांगितले. महिनाअखेर एकोणीस भरल्या. साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यात पंधरा दिवस किंवा अधिक, अशा काही महिने घेतल्या, तर त्यांनीच डोके दुखू लागते. आणि अशा रोग्यांत सुई फुकट जाण्याचे प्रमाण अधिक, असे काही डॉक्टरांना आढळले आहे. म्हणून आधी गोळ्या उतरवल्या, मग सुई.

आता गुण कशाचा? दादा म्हणतात, सुईचा. वहिनींच्या मते गोळ्या सुटल्याचा. डॉक्टर दोघांनाही मान डोलावतात. यंदा कढई चढली आहे, चकल्या पडताहेत, आणि आश्विनाच्या पानावर अजून तीनच फुल्या आहेत.