खिशातल्या चाकूचे विज्ञान

'चाकू' म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर हिंदी चित्रपटातला रामपुरी येतो. प्रत्यक्षात शाळेच्या कार्यालयात किंवा कचेरीत चाकूची कामे अगदी साधी असतात. टपालाचे पाकीट फोडणे, पुस्तकांच्या गठ्ठ्याची सुतळी कापणे, खोक्यावरची चिकटपट्टी उघडणे, पेन्सिलीला टोक करणे, मधल्या सुट्टीत पेरू चिरणे. या सर्वांसाठी पाच-सहा सेंटिमीटर पात्याचा घडीचा चाकू पुरेसा होतो. दुकानात मात्र आपण चकाकी, किंमत आणि त्यात किती अवजारे आहेत हे पाहतो. आपले बोट सुरक्षित राहणार की नाही, हे या तिन्हींवर अवलंबून नसते. मग ते कशावर अवलंबून असते?

धार म्हणजे दाब

दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारे बल, ही व्याख्या आपण वर्गात शिकवतो. चाकू हे तिचे उत्तम उदाहरण आहे. समजा, आपण १० न्यूटन, म्हणजे सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतके बल लावले आणि धारेचा १ सेंटिमीटर भाग सुतळीला टेकला आहे. धारेची जाडी १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल, तर दाब सुमारे १०० कोटी पास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या जवळजवळ दहा हजार पट होतो. तीच धार बोथट होऊन ५० मायक्रॉन, म्हणजे साधारण बारीक केसाइतकी जाड झाली, तर त्याच बलाने दाब पन्नासपट कमी पडतो.

बोथट चाकू अधिक धोक्याचा का, याचे उत्तर येथेच मिळते. दाबातली तूट आपण हाताच्या जोराने भरून काढू पाहतो. जोर वाढला की हातावरचा ताबा सुटतो, पाते घसरते आणि सुतळीऐवजी बोट कापले जाते. म्हणून 'धार कमी तर धोका कमी' ही समजूत चुकीची आहे.

धारेच्या दोन बाजूंमधला कोनही महत्त्वाचा असतो. दाढीच्या पात्याचा कोन फार लहान असतो. ते सहज कापते, पण लवकर खराब होते. लाकूड फोडण्याच्या कुऱ्हाडीचा कोन मोठा असतो. खिशातल्या चाकूला दोन्ही बाजू मिळून ३० ते ४० अंशांचा कोन सोयीचा ठरतो.

पोलादाला 'पाणी'

धार किती दिवस टिकेल, हे पोलादावर ठरते. लोखंडात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होते. ते लालबुंद तापवून एकदम थंड केले, की कार्बनचे अणू लोखंडाच्या स्फटिकरचनेत अडकून पडतात आणि पोलाद फार कठीण होते. आपले लोहार यालाच 'पाणी देणे' म्हणतात. पण असे पोलाद काचेसारखे ठिसूळही असते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. कठीणपणा आणि चिवटपणा यांचा मेळ घालण्याचे हे कौशल्य आहे. पाते मऊ असेल तर धार वळते, अति कठीण असेल तर तिचे टवके उडतात. खिशातल्या चाकूसाठी रॉकवेल मापनाच्या 'सी' श्रेणीवर ५५ ते ५८ हा कठीणपणा चांगला समजावा. अशा चाकूला घरच्या धारेच्या दगडावर सहज धार लावता येते.

साध्या पोलादाचा चाकू लिंबू किंवा आंबा कापल्यावर काळा पडतो आणि दमट हवेत गंजतो. यावरचा उपाय इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांना १९१३ मध्ये सापडला. बंदुकीच्या नळ्यांसाठी अधिक टिकाऊ पोलाद शोधताना त्यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद तयार केले, ते गंजत नव्हते. क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ, घट्ट थर तयार होतो. ओरखडा पडला तरी हा थर आपोआप पुन्हा तयार होतो. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर यांच्या कारखान्याने १८९१ मध्ये तेथील सैनिकांसाठी घडीचे चाकू पुरवले. पुढे तेथे गंजरोधक पोलाद वापरात आले, तेव्हा त्याचे फ्रेंच नाव 'इनॉक्स' आणि एल्सनर यांच्या आईचे 'व्हिक्टोरिया' हे नाव जोडून १९२१ मध्ये 'व्हिक्टोरिनॉक्स' हे नाव तयार झाले.

मिटणारे पाते

विळीचे पाते पाटाला पक्के बसवलेले असते, घडीच्या चाकूचे मात्र खिळीभोवती फिरते. साध्या चाकूत पाठीकडची एक स्प्रिंग त्याला उघडे धरून ठेवते. कापताना वस्तूचा दाब धारेवर येतो, तो पाते उघडण्याच्याच दिशेने असतो. त्यामुळे काही बिघडत नाही. पण टोक खुपसून भोक पाडताना पाते अडकले, की बल पाठीवर येऊ शकते. आता तरफेचा नियम लावा. स्प्रिंग खिळीपासून समजा ५ मिलिमीटरवर दाबते आणि टोक ५० मिलिमीटरवर आहे. म्हणजे स्प्रिंगच्या दहाव्या हिश्शाइतके बल टोकाशी लागले तरी पाते मिटते, आणि मिटताना धार थेट बोटांवर येते.

म्हणून टोचण्याचे काम करायचे असेल, तर पात्याला अडसर असलेला चाकू घ्यावा. फ्रान्समधील ओपिनेल चाकूला १९५५ पासून फिरणारे कडे बसवलेले असते. ते फिरवले की पात्याची वाट बंद होते. काही चाकूंत मुठीच्या आतली धातूची पट्टी आडवी येते. ती अंगठ्याने बाजूला सारताना अंगठा पात्याच्या वाटेत असतो, हे विसरू नये. नुसती पाकिटे आणि सुतळी कापायची असेल, तर स्प्रिंगचा लहान चाकूही पुरे.

निवडताना

पाते उघडून हलवून पाहावे, खिळीपाशी ते डुगडुगता कामा नये. धार दिव्यासमोर धरावी. चांगली धार दिसत नाही, बोथट जागा मात्र चमकते. अंगठ्याने धार तपासू नये, वर्तमानपत्राचा कागद कापून पाहावा.

कायद्याचेही भान असावे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार घरगुती, शेती वगैरे कामांसाठी नसलेल्या आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांना परवाना लागतो. आपला चाकू त्यात बसत नाही. तरीही विमानात तो हाताशी नेता येत नाही, आणि अनेक सरकारी इमारतींच्या दारात तो काढून ठेवावा लागतो. विद्यार्थ्यांनी तर तो शाळेत आणूच नये.

वर्गात एक प्रयोग मात्र शिक्षकांना करून दाखवता येईल. मिटलेल्या चाकूच्या पात्याच्या उघड्या पाठीला लोहचुंबक लावा, मग स्टीलच्या पेल्याला लावा. दोन्ही न गंजणारीच. पाते चुंबकाला घट्ट चिकटते, पेला बहुधा चिकटत नाही. पेल्याच्या पोलादात सहसा निकेलही असते, त्यामुळे त्याची स्फटिकरचना वेगळी होते. तिला पाणी देऊन कठीण करता येत नाही, म्हणूनच त्या पोलादाची चांगली सुरी होत नाही. 'स्टेनलेस स्टील' हे एकच नाव दोन वेगळ्या पदार्थांना कसे लागू पडते, हे मुलांच्या चटकन लक्षात येईल.