मे महिन्यात पाणी कोण घालणार?

ईव्हीएसचं प्रोजेक्ट आठवतंय? सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरची फाइल मागवायची, नाव आणि रोल नंबर बदलायचा, कव्हरवर हिरवीगार पृथ्वी चिकटवायची आणि स्पायरल बाइंडिंग करून मोकळं व्हायचं. ‘शाश्वत विकास म्हणजे काय?’ याचं उत्तर आपल्यातला कुणीही झोपेतसुद्धा लिहील. पण मेथीचं बी किती खोल पेरायचं, असं विचारलं तर? सगळा वर्ग चिडीचूप!

पर्यावरण हा विषय सगळ्यांना शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं. तो आपल्या मार्कशीटवर आला, हाताला मात्र माती लागली नाही. तुमच्या कॉलेजपासून थोड्याच अंतरावर एखादी जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची शाळा असेल. तिथली चौथीतली पोरं कदाचित याच विषयात तुमच्या पुढे असतील, कारण त्यांच्याकडे परसबाग आहे.

शाळांमधल्या पोषण परसबागांसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. दुपारच्या जेवणात ताजी भाजी यावी आणि ती कशी उगवते हे मुलांना कळावं, असा दुहेरी हेतू. कल्पना मात्र जुनी, आणि आपल्याच मातीतली. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी ‘नई तालीम’ मांडली, ती हाताने काम करता करता शिकण्याचीच होती.

आता एका वाफ्यात काय काय शिकता येतं बघा. सुरुवात गणितापासून. शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या एका मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली असते. वर्गात ३० मुलं, म्हणजे दीड किलो. दोन-तीन वाफ्यांतून रोज दीड किलो निघेल का? नाही निघत! हे पोरांना स्वतः तोलून बघितल्यावर कळतं, आणि बाजारातल्या दहा रुपयांच्या जुडीमागे किती जमीन, किती पाणी, किती दिवस लागले असतील, हा प्रश्न आपोआप पडतो.

मग विज्ञान. चवळीचं रोप उपटलं की मुळांवर बारीक गाठी दिसतात. गाठ फोडली आणि आतून गुलाबी निघाली, म्हणजे तिथले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरायचं काम करतायत. पुस्तकातलं ‘नायट्रोजन स्थिरीकरण’ हातात येतं ते असं. चवळीवर मावा पडला की लगेच फवारणी करायची नाही, चार दिवस थांबायचं. मावा खायला ठिपक्यांचे लेडीबर्ड येतात का, ते बघायचं. आले तर शाबासकी त्यांना, नाही आले तर कडुनिंबाचा अर्क आहेच. हात धुतलेलं पाणी अळूकडे वळवायचं. भाजीची देठं-सालं आणि वाळका पाला खड्ड्यात थर देऊन टाकायचा. दोन-तीन महिन्यांनी त्याचं काळं, मातीचा वास येणारं खत झालं, की ‘कचरा’ या शब्दाचा अर्थच बदलतो.

आणि बियाणं! अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. देशी वाण जपले म्हणून २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेच्या बागेतही दोन-चार भेंड्या न तोडता तशाच वाळू द्यायच्या आणि त्यांचं बी पुढच्या वर्गासाठी ठेवायचं. ‘पुढच्या पिढीसाठी राखून ठेवणं’ ही व्याख्या मग पाठ करावी लागत नाही.

इथपर्यंत सगळं छान आहे. खरा पेच पुढे आहे, आणि तिथेच तुमची गरज आहे.

शाळेला मेच्या सुरुवातीला सुट्टी लागते, ती जूनच्या मध्यापर्यंत. दीड महिना ऐन उन्हाचा. गेटला कुलूप, मुलं मामाच्या गावाला. वर्षभर जपलेली बाग बघता बघता वाळते. जूनमध्ये परत आलेली मुलं काय शिकतात? सगळे फोटो काढून जातात, परत कुणी येत नाही, हे!

मीही त्या फोटोत होतो. एनएसएसच्या शिबिरात आम्ही एका माळावर रोपं लावली, बॅनर धरला, ग्रुप फोटो काढला. पुढच्या उन्हाळ्यात तिथून जाताना नुसत्या काठ्या उभ्या दिसल्या. प्रमाणपत्र अजून माझ्या फाइलमध्ये आहे.

म्हणून म्हणतो, एनएसएसमध्ये तुम्हाला वर्षाला १२० तास द्यायचे असतात. त्यातले थोडे मेसाठी राखून ठेवा. दहा जणांचा गट करा. प्रत्येकाने आठवड्यातून एकदा सकाळी तासभर द्यायचा, एवढंच. एकाला एक्झाम किंवा इंटर्नशिप आली तर दुसरा जाईल. सगळी बाग हिरवी ठेवायचा हट्ट नको. रिकाम्या वाफ्यांवर पाल्याचं जाड आच्छादन घाला. शेवगा, कढीपत्ता यांच्या बुंध्याशी तळाला बारीक भोक पाडून वात लावलेलं मडकं पुरा. ते भरून ठेवलं की ओल हळूहळू मुळांपर्यंत झिरपत राहते.

एक पथ्य मात्र पाळा. बाग मुलांची आहे. काय लावायचं ते त्यांनाच ठरवू द्या, चुकू द्या. टोमॅटो गेले तर का गेले, ते त्यांनाच शोधू द्या. तुम्ही ‘ताई-दादा’ म्हणून जा, पाहुणे म्हणून नको. मेथी किती खोल पेरायची, तेही त्यांनाच विचारा. ती बोटाचं अर्धं पेर दाखवतील.

परीक्षा संपायच्या आत जवळच्या शाळेत एक चक्कर मारा. मुख्याध्यापकांना भेटा. भाषण नको, बॅनर नको. एवढंच विचारा, “सर, सुट्टीत गेटची चावी कुणाकडे असते?”