वडिलांची रायफल आणि बहरीनमधील वारस

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपले, परंतु जुन्या घरांच्या कपाटांतील बंदुका राहिल्या. त्यांत क्वचित पॉइंट टू-टू बोरची लिव्हर-ॲक्शन रायफलही आढळते. तिचा वारस नोकरीनिमित्त मनामात असेल, तर दोन प्रश्न उभे राहतात: ती आपली कशी होईल, आणि आपल्या आवडीनुसार तिच्यात किती बदल करता येतील?

प्रथम यंत्र समजून घेऊ. रिमफायर काडतुसात पेट घेणारे द्रव्य बुडाच्या कडेत भरलेले असते. आघातपिन त्या कडेवर आदळते. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि वर घेतली की नवे नळीत शिरते. १८६० ची हेन्री रायफल याच दोन कल्पनांच्या संयोगातून घडली. मार्लिन ३९-ए या प्रसिद्ध रायफलचा एक मोठा स्क्रू फिरवला की तिचे दोन भाग होतात. त्यामुळे साफसफाई सुलभ होते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकचे कांस्यपदक जिंकले, त्या ५० मीटर स्पर्धेतही पॉइंट टू-टूचेच रिमफायर काडतूस वापरतात.

आता मालकी. शस्त्र घराचे असले, तरी परवाना व्यक्तीचा असतो. परवानाधारकाच्या निधनानंतर ते कपाटात तसेच ठेवणे बेकायदा ठरते. शस्त्र कायद्याच्या कलम २१ नुसार ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. त्यानंतर वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो. २०१६ च्या नियमांनी याहून सोपी वाटही ठेवली आहे: परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील, किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने प्रत्येकी दोन शस्त्रांची मर्यादा घातली; ती वारसाहक्कालाही लागू आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावापुरती पॉइंट टू-टू रायफलबाबत यातून सूट आहे.

बदलांच्या बाबतीत एक साधी कसोटी पुरेशी आहे: जो बदल पुन्हा मूळपदावर आणता येतो, तो चांगला. अक्रोडाच्या दस्त्याला जवसाचे तेल, कडीला चामड्याचे वेष्टन, जुन्या माशीऐवजी अधिक स्पष्ट दिसणारी माशी, हे सारे चालते. मूळ सुटे भाग मात्र जपून ठेवावेत. नळी आखूड करण्यास कलम ६ प्रमाणे स्वतंत्र परवाना लागतो, आणि अनुक्रमांक खोडणे हा गुन्हा आहे. रिकाम्या रायफलचा चाप ओढण्याची हौसही टाळावी. पिन नळीच्या कडेवर आपटून ती बिघडू शकते.

रायफल बहरीनला नेण्याचा विचार सहसा सोडूनच द्यावा. तेथे गृह मंत्रालयाच्या परवान्याविना शस्त्र बाळगता येत नाही. वडिलांची जुनी बॅग प्रवासाला घेताना तिचे कप्पेही तपासावेत. विसरलेले एक काडतूस विमानतळावर पोलीस चौकशीला पुरेसे ठरते. जाणीवपूर्वक ताबा नसेल तर गुन्हा होत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मांडले आहे; पण ते सिद्ध करण्यात रजा संपते आणि नोकरीही धोक्यात येते.

म्हणून पुढच्या सुट्टीत गावी गेल्यावर रायफल हातात घेण्यापूर्वी वडिलांचा परवाना पाहावा, आणि ते हयात असतानाच अर्ज करावा.