मिरची कोणाची, हे यंत्र सांगत नाही

मागच्या हंगामात आमच्या गटाची मिरची पावडर परत आली, हे तुमच्यापैकी काहींच्या कानावर आलंच असेल. सोबत तपासणीचा कागद होता : क्लोरपायरीफॉसचा अंश मर्यादेपेक्षा जास्त. अकरा जणींची मिरची आम्ही एकत्र कांडली होती. मग औषध निघालं कोणाच्या मिरचीत? चार बैठका नुसत्या भांडणात गेल्या. शेवटी आम्ही तिघी प्रयोगशाळेतच जाऊन आलो.

तिथल्या यंत्राचं नाव गॅस क्रोमॅटोग्राफ. आधी मिरची बारीक करतात, द्रावक आणि क्षार घालून जोरात हलवतात. औषधाचा अंश द्रावकात उतरतो. तो गाळून, साफ करून करंगळीएवढ्या बाटलीत भरतात. अशा कितीतरी बाटल्या एका तबकात ओळीनं लावल्या, की पुढे माणसाचा हात लागत नाही. यंत्राची सुई स्वतःच बाटलीतून थेंबाचा जेमतेम पन्नासावा भाग उचलते, तापलेल्या तोंडात सोडते, स्वतःला धुऊन घेते आणि पुढच्या बाटलीकडे वळते. रात्रभर हेच चालतं. सकाळी ताई येतात तेव्हा आलेख तयार असतात. मधूनमधून औषधाचं प्रमाण आधीच माहीत असलेली बाटलीही ठेवतात, म्हणजे यंत्र चुकत नाही ना ते कळतं.

आत काय होतं? त्या थेंबाची वाफ होते. हेलियम वायू ती वाफ केसासारख्या बारीक, साधारण तीस मीटर लांब नळीतून ढकलतो. नळीचं वेटोळं भट्टीत असतं. बाजाराला आपण सगळ्या एकाच वेळी निघतो, पण एखादी प्रत्येक दुकानाशी थांबते आणि उशिरा पोचते. तसंच नळीत. प्रत्येक पदार्थ कमीजास्त रेंगाळतो आणि आपापल्या वेळेला बाहेर पडतो. दाराशी दुसरं यंत्र त्याचे तुकडे करून ओळख पटवतं.

किती बारीक मोजतात? किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे शंभर टन मालात एक ग्रॅम! युरोपात बऱ्याच औषधांना हीच मर्यादा आहे.

पण ज्याची नीट वाफ होत नाही, ते या यंत्राला दिसत नाही. इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधांसाठी द्रवावर चालणारं वेगळं यंत्र लागतं. म्हणून कागदावर कोणकोणती औषधं तपासली, ती यादी आधी वाचा. ‘बीएलक्यू’ लिहिलं असेल तर मोजता येईल इतका अंश सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आमची चूक मात्र यंत्राच्या कितीतरी आधीची. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, ते डब्यावर लिहिलेलं असतं. ते कोणी पाळलं, कोणी नाही, याची नोंदच नव्हती. शिवाय मिरची वाळली की पाणी उडतं, औषध बरंचसं मागे राहतं आणि किलोमागचं प्रमाण वाढतं. हे आम्हाला तिथे जाईपर्यंत सुचलंही नव्हतं.

आता कांडपाआधी प्रत्येकीच्या पोत्यातून वरची, मधली, तळाची मिरची काढतो. निवडून चांगली नाही, हाताला येईल ती. खताच्या पिशवीत तर मुळीच नाही. (एकीनं आणली होती!) नाव-तारीख घालून प्रत्येकीचं पाकीट जपून ठेवतो आणि सगळ्यांचा मिळून एकच नमुना पाठवतो, कारण अकरा तपासण्यांचा खर्च झेपत नाही. त्यात मर्यादेबाहेर काही निघालं, तरच पाकिटं एकेक करून तपासायची.

मागच्या वर्षीची पाकिटं नव्हती. ती मिरची कोणाची, ते आजही कळलेलं नाही. नुकसान अकरा जणींनी सारखं वाटून घेतलं.