दोन टिनांखालचं आयुष्य

महिन्याच्या किराण्यातला तांदूळ, साखर, डाळ आपण निवडून, पाखडून डब्यात भरतो. दुकानदार आपल्या ओळखीचा असतो. पण दुकानात येण्याआधी हा माल कुठल्या तरी गोदामात पडून असतो आणि तिथं तो पाठीवर वाहणारा एक माणूस असतो, हे आपल्या गावीही नसतं. बचत गटाच्या कामासाठी हिंगणघाट तालुक्यातल्या खेड्यांत माझं जाणं-येणं असतं. तिथं असे एक भाऊ भेटले. "नाव नका टाकू ताई, मालक पेपर वाचते," असं म्हणाले, म्हणून नुसतं भाऊच म्हणते. शिक्षण सातवी, वय पंचेचाळीसच्या आसपास, आणि निम्मं आयुष्य गोदामात गेलेलं.

खरं तर मी गेले होते त्यांच्या बायकोच्या घरकुलाच्या कागदांसाठी. पण बोलता बोलता भाऊंनी मजुरी, घर आणि सोलर या तिन्ही गोष्टींचा असा काही हिशोब मांडला, की तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

आधी मजुरीचं. एक कट्टा पन्नास किलोचा. दिवसाला दीडशे कट्टे उचलले तर साडेसात टन वजन एका पाठीवरून जातं. पूर्वी तर शंभर किलोची पोती असत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्येच शिफारस केली होती, की एका पुरुषानं ५५ किलोपेक्षा जास्त ओझं वाहू नये, बायांसाठी तर मर्यादा त्याहून बरीच कमी हवी. भाऊंना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "कट्टा पन्नासचा झाला, पण थप्पी उंच झाली ना! फळीवरून चढा लागते."

महाराष्ट्राला या बाबतीत अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. हमालांसाठी आपल्या राज्यानं १९६९ साली माथाडी कायदा केला. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांनी या कष्टकऱ्यांना एकत्र केलं. बाबा डिसेंबर २०२५ मध्ये गेले, तेव्हा तुम्हीही वाचलं असेल. त्यांच्याच हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली. कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावं म्हणून सुरू झालेल्या त्या कामात भाकरी थापायला बायाच पुढे होत्या.

कायद्याची रीत सोपी आहे. मालकाची नोंद मंडळात आणि हमालाचीही. मालकानं मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची, मंडळानं ती हमालाच्या खात्यात जमा करायची. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, दवाखाना हे सगळं त्या लेव्हीतून होतं. म्हणजे आज या दुकानी, उद्या त्या गोदामात काम केलं, तरी माणूस एकाच ठिकाणी नोकरीला असल्यासारखा. नवी मुंबईत कोपरखैरण्याला माथाडी कामगारांची घरं उभी राहिली, ती या संघटनेच्या जोरावरच. पाठीवर ओझं वाहणाऱ्याला स्वतःच्या नावाचं घर मिळालं.

भाऊंकडे मात्र यातलं काही नाही. बाजार समितीच्या यार्डात हमालाला परवाना तरी असतो. हे काम करतात हायवेवरच्या गोदामात, ठेकेदारामार्फत. "तिथं आमाले हमाल म्हणत नाही, हेल्पर म्हणते. हमाल म्हटलं तर कायदा लागते," हे त्यांचं म्हणणं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचं बंधन आहे. मी विचारलं, तुम्हाला मिळालं का? त्यांनी खिशातून ठेकेदाराच्या सहीची एक चिठ्ठी काढली. त्यावर कट्ट्यांचा आकडा होता, भाऊंचं नावसुद्धा नव्हतं.

हा प्रश्न आता आपल्या जिल्ह्यात वाढणार आहे. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून गेला, जून २०२५ मध्ये तो पूर्ण झाला. सिंदी रेल्वेच्या ड्राय पोर्टचं भूमिपूजन तर २०१७ सालीच झालं होतं. रस्ता आला की गोदामं येतात, आणि आपली बारावी झालेली पोरं तिथंच कामाला लागतात. भाऊंचा यंत्राला विरोध नाही. "बेल्ट आणा, फोर्कलिफ्ट आणा, पाठ तर वाचन. पण ते चालवाले आमाले शिकवा, बाहेरून माणूस नका आणू." माझ्या मते पदवीधरांच्या चर्चासत्रातही इतकं नेमकं कोणी बोलत नाही.

आता टिनाचं ऐका. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. भाऊ दिवसभर गोदामाच्या टिनाखाली आणि रात्री घरच्या टिनाखाली. त्यांची बायको तर दुपारभर त्या टिनाखालीच चूल पेटवते. उन्हाळ्यात घरातले पुरुष अंगणात बाज टाकतात. पण घरात पंधरा वर्षांची लेक आहे. तिला अंगणात झोपवायला आईचं मन धजत नाही, म्हणून मायलेकी आत, तापलेल्या खोलीत. रात्री दोन-दोनदा लुगडं ओलं करून अंगावर घेतात. भाऊ हे सांगताना खाली बघत होते.

"कवेलूचं घर होतं ना तुमचं?" मी विचारलं. होतं म्हणे, वडिलांच्या वेळचं. मग माकडं आली. माकडांची टोळी एकदा छपरावरून गेली की शंभर कवेलू फुटतात. दरवर्षी कवेलू फेरायचे, तर फेरणारा माणूस मिळत नाही आणि कुंभारानं कवेलू करणं सोडलं. टिन टाकलं की सुटका. आपण सेवाग्रामला पाहुण्यांना घेऊन बापूकुटी दाखवतो. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, आत कसा गारवा! पण माकडांचं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. वर्ध्याच्याच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं, डॉ. देवेंद्र कुमार यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या संस्थेनं, यावर काम केलं आहे. कुंभाराच्या चाकावर केलेले पेल्यासारखे पोकळ नळे एकात एक बसवून कमानीचं छप्पर करायचं, लोखंड आणि लाकूड जवळजवळ लागत नाही. मला हे तंत्र फार आवडतं. पण ते करणारा गवंडी तालुक्यात शोधायला गेलं, तर चहा पिऊन परत यावं लागतं.

भाऊंच्या गोदामावर सोलरच्या पाट्या आहेत. त्यांना त्याचं कौतुक आहे, पण म्हणतात, "सोलरनं मालकाचं बिल कमी झालं. आत पंखा नाही लागला. मालाले पंखा लागत नाही ना." त्यांची खरी पसंती वेगळीच आहे. गोदामाच्या छतावर वाऱ्यानं गरगर फिरणारे ते भोपळे असतात ना, टर्बो व्हेंटिलेटर, ते! "ना वीज, ना बिल, वरची गरम हवा बाहेर फेकते. त्याच्याखाली उभं राह्यलं तर समजते." शेजारच्या गोदामात ते आहेत, यांच्याकडे नाहीत. अहमदाबादला 'सेवा'च्या महिला हाउसिंग ट्रस्टच्या बायांनी वस्तीतल्या छतांना पांढरा रंग देऊन घरातली उष्णता कमी केली. हे ऐकल्यावर भाऊंच्या बायकोनं लगेच विचारलं, "किती डबे लागते रंगाले?"

घरकुलात आता १ लाख २० हजार मिळतात. एप्रिल २०२५ मध्ये राज्यानं त्यात ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सोलरसाठी. निर्णय चांगलाच आहे. पण वहिनी म्हणतात, स्लॅबही रात्रभर तापलेलाच असतो. मला वाटतं, सोलरबरोबर छताला पांढरा रंग आणि भिंतीला वरच्या बाजूला झरोके, एवढं तरी घरकुलाच्या नकाशात सक्तीनं असावं. आणि त्याआधी जागा. यांचं घर सरकारी जागेवर, नमुना आठमध्ये नाव नाही. जागा घ्यायला पंडित दीनदयाल उपाध्याय योजनेतून एक लाखापर्यंत मदत मिळते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या गावात असं कोणी असेल, तर ग्रामसेवकाकडे नक्की विचारा.

अर्ज भरताना मिळकतीचा पुरावा मागितला. भाऊ गप्प झाले. तेवढ्यात वहिनींनी देव्हाऱ्यामागून लेकीची एक जुनी वही काढली. मागच्या कोऱ्या पानांवर रोजची तारीख, कट्टे, मिळालेले पैसे, राहिलेले पैसे. चार वर्षांचा हिशोब, एकही दिवस चुकलेला नाही. साहेबांपुढे ती वही किती चालेल ते बघायचं आहे. माथाडी मंडळाच्या नोंदणीचा अर्ज मी आणला आहे. पुढच्या मंगळवारी गटातल्या आणखी चार बायका आपल्या नवऱ्यांचे हिशोब घेऊन येणार आहेत, त्यातल्या दोघींनी ते कॅलेंडरवर लिहून ठेवले आहेत.